अंदमान की बाली? पुण्यातून जायचं असेल तर आधी कॅलेंडर उघडा

निळं पाणी, नारळाची झाडं, आठवडाभर सुट्टी आणि घरातल्या सगळ्यांना चालेल अशी जागा, एवढं ठरलं की पुण्यातल्या बऱ्याच घरांत गाडी शेवटी या दोन नावांवर येऊन थांबते, अंदमान की बाली. मग सुरू होते फोटोंची तुलना, कोणाचा तरी मावसभाऊ बालीला जाऊन आलेला असतो तो म्हणतो बालीच, शेजारचे काका म्हणतात सेल्युलर जेल बघितलं नाही तर काय बघितलं, आणि एजंट म्हणतो दोन्हीची पॅकेजेस तयार आहेत, बोला. मी दोन्हीकडे जाऊन आलोय आणि माझं मत पक्कं आहे: फोटो बघून ठरवू नका, तुमच्या सुट्टीच्या तारखा बघून ठरवा. अंदमान विषुववृत्ताच्या वर आहे, बाली खाली, त्यामुळे एकीकडे छान असतं तेव्हा दुसरीकडे बऱ्याचदा पाऊस असतो. हे एकदा लक्षात आलं की अर्धं भांडण तिथंच मिटतं.

पायरी १: सुट्टी नक्की कधी मिळणार आहे?

आपल्याकडे दरवर्षी मे महिन्यात पेपरात बातमी येते, "मान्सून अंदमानात दाखल". उन्हाने तापलेल्या पुण्यात ती बातमी वाचून बरं वाटतं, पण त्याच दिवशी जो पर्यटक तिथे आहे त्याच्यासाठी ती बातमी म्हणजे खवळलेला समुद्र, रद्द झालेली फेरीबोट आणि हॉटेलच्या खोलीत बसून राहणं. केरळात मान्सून साधारण १ जूनला येतो, पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पण अंदमानात तो मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच पोचलेला असतो. म्हणजे मुलांची परीक्षा एप्रिलच्या मध्यात संपत असेल तर एप्रिलचा शेवट अंदमानला चालतो, गरम असतं पण समुद्र शांत असतो. १० मेच्या पुढे मी तरी अंदमानचं बुकिंग करणार नाही. त्याच मे-जूनमध्ये बालीत कोरडा सीझन सुरू झालेला असतो, हवा छान, पाऊस कमी आणि जुलै-ऑगस्टमधली ऑस्ट्रेलियन-युरोपियन लोकांची गर्दी अजून यायची असते. त्यामुळे उन्हाळी सुट्टीत मेचा दुसरा पंधरवडा किंवा जूनचा पहिला आठवडा मिळत असेल तर सरळ बाली.

डिसेंबर एकदम उलटा. आयटीवाल्यांच्या वर्षअखेरीला लॅप्स होणाऱ्या सुट्ट्या, मुलांची नाताळची सुट्टी, सगळं जुळून येतं आणि लोक बाली बुक करतात, पण डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी हे बालीचे भर पावसाचे महिने. दिवसभर धो धो पडतोच असं नाही, दुपारी एक जोराची सर येऊन परत ऊन पडतं असंही असतं, पण याच काळात पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर कुटा, सेमिन्याकच्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचा कचरा वाहून येतो, आणि ज्या समुद्रासाठी एवढा खर्च केला तो बघवत नाही. अंदमानात मात्र डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत चांगला काळ, त्यातही फेब्रुवारी-मार्च सगळ्यात भारी, पाणी इतकं नितळ असतं की जेट्टीवर उभं राहून खालचे मासे दिसतात.

दिवाळीची सुट्टी दोन्हीकडे अवघड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंदमानला परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं, तर बालीत कोरडा सीझन संपत आलेला. दिवाळी लवकर, म्हणजे ऑक्टोबरमध्ये असेल तर बाली घ्या. नोव्हेंबरात असेल तर दोन्ही सोडून कोकण किंवा केरळ बघा असंच मी सांगेन. आणि डिसेंबरचा पहिला आठवडाही अंदमानला थोडा बेभरवशाचाच, २०१६ च्या डिसेंबरात वादळामुळे अंदमानच्या हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते, त्यांना आणायला नौदल आणि तटरक्षक दलाला जहाजं पाठवावी लागली होती.

गुढीपाडव्याच्या आसपास बालीला जात असाल तर एक गोष्ट आधी तपासा. बालीतही शक कॅलेंडर चालतं आणि त्यांचं नवीन वर्ष, न्येपी, बहुतेक वेळा आपल्या पाडव्याच्या आगेमागेच येतं. पण आपण गुढी उभारतो, श्रीखंड आणतो, ते लोक २४ तास पूर्ण शांतता पाळतात. रस्त्यावर कोणी नाही, दुकानं बंद, दिवे मंद, पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही आणि विमानतळसुद्धा पूर्ण दिवस बंद. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड मूर्तींची मिरवणूक निघते ती खरंच बघण्यासारखी असते, तेव्हा मुद्दाम न्येपी धरून जायलाही हरकत नाही, फक्त त्या दिवशी फ्लाइट नको.

पायरी २: तुम्हाला समुद्र हवाय की समुद्राजवळचं सगळं?

तारखा दोन्हीला चालत असतील तर हा प्रश्न. आणि इथे बरेच लोक फसतात, कारण बाली म्हणजे समुद्र असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. बालीचा दक्षिणेकडचा समुद्र हा मुख्यतः सर्फिंगचा समुद्र आहे, लाटा मोठ्या, ओढ जबरदस्त, कुटा-सेमिन्याकला लाल झेंडे लावलेले असतात आणि तिथे पोहायला जाऊ नये. शांत पाणी हवं तर सानूर किंवा नुसा दुआ. बालीची खरी मजा आत आहे, उबुदच्या आजूबाजूची भातशेती, बातूर ज्वालामुखीवरचा पहाटेचा ट्रेक (१७१७ मीटर, पहाटे दोनला उठायची तयारी ठेवा), देवळं, नाच, लाकडावरचं कोरीव काम, आणि राहायच्या जागा. जतिलुविहची भातखाचरं तर बघाच, तिथली पाणीवाटपाची सुबक नावाची पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे, देवळातून ठरतं की कोणाच्या शेताला कधी पाणी, २०१२ साली युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

रोज सकाळी बायका घरासमोर, दुकानाच्या पायरीवर, फुटपाथवर, अगदी स्कूटरच्या डॅशबोर्डवरसुद्धा नारळाच्या पानाची विणलेली छोटी चौकोनी परडी ठेवतात, त्यात फुलं, चार शितं भात, कधी एखादं बिस्कीट, वर एक उदबत्ती. याला चानांग सारी म्हणतात. फुटपाथवर चालताना खाली बघून चाला, त्यावर पाय पडू देऊ नका. उलुवातूला सूर्यास्ताच्या वेळी केचक नावाचा नाच बघा, वाद्य एकही नाही, साठ-सत्तर पुरुष गोल बसून नुसत्या "चक चक" आवाजावर रामायण उभं करतात, आणि शेवटी हनुमान लंका जाळतो तेव्हा खरी आग असते. तिथली माकडं मात्र चष्मे पळवतात, आजोबांच्या चष्म्याला दोरी लावून न्या.

अंदमानात हे वैविध्य नाही. तिथे आहे ते पाणी, आणि पाण्याखालचं जग, आणि पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल. पण पाणी म्हणाल तर भारतात त्याला तोड नाही. नील बेटावर ओहोटीच्या वेळी नॅचरल ब्रिजकडे जा, पाणी शंभर-दोनशे पावलं मागे सरकलेलं असतं आणि खडकातल्या डबक्यांमध्ये प्रवाळ, खेकडे, समुद्रकाकडी, इवलेसे निळे मासे, सगळं घोट्याइतक्या पाण्यात उघड्यावर. गाइड बरोबर घ्या, तो पाय कुठे ठेवायचा ते सांगतो, कारण एका चुकीच्या पावलाखाली कितीतरी वर्षांचं प्रवाळ मोडतं. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून ठेवा, भरतीला गेलात तर यातलं काहीच दिसत नाही. गंमत म्हणजे नीलवरच्या गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. फाळणीनंतर आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेली ही गावं आहेत.

आणि सेल्युलर जेल. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं, पाकळ्यांसारख्या पसरलेल्या सात इमारतींपैकी आता तीनच उरल्यात. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, कोलूला जुंपून रोज ३० पौंड खोबरेल काढायची सक्ती होती, आणि त्यांचे थोरले बंधू बाबारावही त्याच तुरुंगात होते. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो सगळे बघतात, पण माझा आग्रह आहे की सकाळी उघडल्या उघडल्या जा, ग्रुप यायच्या आत कोठड्यांच्या त्या लांब व्हरांड्यातून एकदा शांतपणे चालत जा, मुलांनाही कोठडीत दोन मिनिटं उभं करा. शोमध्ये जे कळत नाही ते तिथे कळतं.

पायरी ३: कागदपत्रं आणि प्रवास

अंदमानला भारतीयांना नेहमीच्या पर्यटन बेटांवर परमिट लागत नाही, आधार कार्ड बास. पुण्याहून चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू किंवा हैदराबादमार्गे जावं लागतं. शक्य असेल तर सकाळी पोर्ट ब्लेअरला पोचणारं विमान घ्या, कारण अंदमान आपल्या घड्याळावर चालतं पण आहे खूप पूर्वेला, हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी तीनला पोचलात तर तो दिवस गेलाच म्हणून समजा. नावांचा घोळ करू नका: पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, फेरीच्या तिकिटावर नवीन नावं दिसली की घाबरायचं नाही.

बालीला पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा. नूतनीकरण करायचं असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट तिकिटांच्या आधी घ्या, नंतर नाही. व्हिसा ऑन अरायव्हल आहे, ५ लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन), ३० दिवसांसाठी, घरबसल्या त्यांच्या सरकारी साइटवरून ई-व्हिसाही मिळतो. फक्त साइट सरकारीच आहे ना ते नीट बघा, तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जास्तीचे पैसे उकळतात. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बालीचा वेगळा पर्यटक कर आहे, माणशी दीड लाख रुपिया, तोही ऑनलाइन भरून क्यूआर कोड मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. लाखांचे आकडे ऐकून दचकू नका, शेवटची तीन शून्यं काढून उरलेल्याला साडेपाचने गुणलं की साधारण रुपये येतात, म्हणजे व्हिसा पावणेतीन हजार आणि कर आठशेच्या आसपास.

बालीला जायला मुंबईहून सिंगापूर, क्वालालंपूरमार्गे किंवा बेंगळुरूहून, असे पर्याय बघा, आणि सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसतात पण पहिलं विमान लेट झालं तर पुढच्या विमानाची जबाबदारी कोणीच घेत नाही. मुंबईहून फ्लाइट असेल तर शुक्रवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर निघायचं टाळा, घाटात काय होतं ते पुणेकरांना माहितीये, दोन तास जास्तीचे धरा.

पायरी ४: दिवस कसे मांडायचे

अंदमानचा एकच नियम पाळलात तरी ट्रिप वाचते: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. हॅवलॉकहून सकाळची फेरी पकडून दुपारचं विमान गाठू हा प्लॅन कोणी दिला, एजंटने दिला तरी, बदलून घ्या. समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. सहा रात्री असतील तर पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक तीन, नील एक आणि परत पोर्ट ब्लेअर एक, हे मला सगळ्यात बरं वाटतं. राधानगर बीचवर सूर्यास्त, एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग, आणि स्कूबा करायचं असेल तर सुरुवातीच्या दिवसांत करा, कारण डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. मुलं १० वर्षांच्या वरची असतील तरच स्कूबा, त्याच्या आत स्नॉर्केलिंग भरपूर आहे. फेरीत उलटी होणारे असाल तर गोळी अर्धा-एक तास आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

बाराटांग बेटावरची चुनखडीची गुहा बऱ्याच पॅकेजमध्ये असते. तिथला रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्याने जातात, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही, कायदाच आहे. तरी गाडीत बसलेले लोक खिडकीला नाक लावून माणसं शोधत असतात, आणि ते मला पटत नाही. तो दिवस पॅकेजमधून काढून नीलला द्या असं मी मनापासून सांगेन.

बालीत चूक होते ती रोज हॉटेल एकच ठेवून सगळीकडे पळायची. अंतरं नकाशावर छोटी दिसतात पण रस्ते अरुंद आणि ट्रॅफिक आपल्या हिंजवडीसारखं, ३५ किलोमीटरला दोन तास आरामात लागतात. म्हणून दोन मुक्काम करा, तीन रात्री उबुद आणि तीन रात्री दक्षिणेला सानूर किंवा नुसा दुआ, जमलं तर मधे एक रात्र नुसा पेनिडा. पेनिडाला सानूरहून स्पीडबोट जाते, पाऊण तासाच्या आत पोचता, पण एका दिवसात जाऊन येणं म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीत बसूनच दिवस जातो. केलिंगकिंगचा तो प्रसिद्ध कडा वरूनच बघा, खाली बीचवर उतरायचा रस्ता जवळजवळ उभा आहे आणि खालच्या लाटा धोक्याच्या आहेत.

पायरी ५: पैसे कुठे जातात

अंदमानला विमान आणि फेरी यातच मोठा भाग जातो, खाजगी फेरी एका टप्प्याला माणशी दीड-दोन हजारांच्या आसपास, असे तीन टप्पे, चार माणसं, करा हिशोब. सरकारी फेरी खूप स्वस्त आहे पण तिकीट मिळणं आणि वेळ, दोन्हीची खात्री नसते. हॉटेल त्याच पैशात बालीपेक्षा साधं मिळतं, हे मान्य करूनच जा. बालीला विमान महाग पण तिथे उतरल्यावर स्वस्ताई, चांगला व्हिला, ड्रायव्हरसकट गाडी दिवसभराला सहा ते आठ लाख रुपिया, चार-पाच जणांत वाटलं की काहीच नाही. परदेशी पॅकेज एजंटकडून घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापतात, तो रिटर्न भरताना अॅडजस्ट होतो, पण आत्ता खिशातून जातोच, तो धरून ठेवा.

नील-हॅवलॉकला एटीएम कमी आणि नेटवर्क येऊन जाऊन, म्हणून यूपीआयच्या भरवशावर राहू नका, रोख न्या. बालीत पैसे अधिकृत मनी चेंजरकडेच बदला, गल्लीतला बोर्डवर सगळ्यात जास्त दर लावणारा मोजताना नोटा गाळतो.

पायरी ६: जेवण

शाकाहारी घरासाठी अंदमान सोपं. बंगाली, तमिळ, उत्तर भारतीय सगळं मिळतं, इडली-डोसा, थाळी, वरण-भात. मासे खाणाऱ्यांची तर चंगळच.

बालीत भारतीय हॉटेलं भरपूर आहेत पण रोज तिथेच जेवायला एवढ्या लांब कशाला जायचं. टेंपे खाऊन बघा, आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तळून मस्त लागते, आणि गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा सॉस, आपल्या जिभेला लगेच आवडतं. एक काळजी घ्या: तिथल्या बऱ्याच सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, तेरासी असते, ती कोळंबीची पेस्ट. भाज्यांच्या नासी गोरेंगमध्ये, म्हणजे तिथल्या फ्राइड राइसमध्येही असू शकते. "तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेरासी" एवढं पाठ करा, मांस नको, मासे नको, तेरासी नको. अंडंही नको असेल तर "तानपा तेलुर". नळाचं पाणी दोन्हीकडे पिऊ नका.

पायरी ७: घरात कोण कोण आहे

आजी-आजोबा बरोबर असतील तर अंदमानात भाषा, जेवण, पैसे याची कटकट नाही, पण बोटीत चढ-उतार आहे, आणि हॅवलॉक-नीलवर प्राथमिक आरोग्य केंद्रापलीकडे मोठी सोय नाही, मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरलाच. हृदयाचा वगैरे त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच बेटांवर मुक्काम करा. बालीत डेनपसारला चांगली हॉस्पिटल्स आहेत पण बिल मोठं येतं, ट्रॅव्हल इन्शुरन्सशिवाय जाऊच नका. बालीत देवळांना पायऱ्या खूप, कमरेला सारोंग म्हणजे लुंगीसारखं कापड गुंडाळावं लागतं, आणि मासिक पाळीत बायकांनी आत येऊ नये असे बोर्ड असतात, ते माहिती असलेलं बरं.

कॉलेजची मुलं, नवीन लग्न झालेले, मित्रांचा ग्रुप, यांनी बालीत स्कूटर घ्यायचा मोह होणारच. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, टू-व्हीलरचं लायसन त्यात हवं, आणि हेल्मेट घाला. परमिट नसताना अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी हात वर करते.

पायरी ८: बुकिंगचा क्रम

अंदमानसाठी आधी विमान, लगेच फेरी, मग हॉटेल. लोक हॉटेल आधी करतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फेरीच मिळत नाही. बालीसाठी आधी पासपोर्टची तारीख, मग विमान, त्याच दिवशी इन्शुरन्स, मग हॉटेल, आणि व्हिसा-कर शेवटच्या पंधरवड्यात. इन्शुरन्स घेताना ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झालं तर पैसे मिळतात का हे पॉलिसीत वाचा, नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी ज्वालामुखी फुटला तेव्हा बालीची कितीतरी विमानं रद्द झाली होती.

परतताना अंदमानहून शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, मुलांच्या खिशातही बघा. विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतं, काढून घेतात, आणि वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे. दुकानातून परवानगी असलेली वस्तू घेतली असेल तर पावती हातातल्या बॅगेत, वरच ठेवा.